हवाई अंतर आणि एसटीचा उतारू

कोल्हापूर आणि नांदेड या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे सव्वाचारशे किलोमीटर भरते. एटीआर जातीचे लहान विमान ते तासा-सव्वातासात कापू शकेल. सोलापूर-लातूरवरून जाणारा रस्ता पाचशेच्या आसपास आहे. एसटीची सरासरी गती ताशी ४५ किलोमीटर धरली तर त्यास अकरा तास लागतात. हे दोन आकडे शेजारी मांडले की प्रादेशिक विमानसेवेचे समर्थन पूर्ण झाले, अशी आपल्या नियोजनकारांची समजूत दिसते.

वस्तुतः प्रवासाचा काळ म्हणजे केवळ हवेतील काळ नव्हे. घरापासून विमानतळ, तासभर आधीची हजेरी आणि उतरल्यावर मुक्कामापर्यंतची वाट जमेस धरता साडेतीन-चार तास सहज होतात. तेही एक वेळ सोडून देऊ. परंतु अशी सेवा आठवड्यातून तीनच दिवस असली, तर दोन उड्डाणांत सरासरी ५६ तासांचे अंतर पडते. म्हणजे अकस्मात निघावे लागणाऱ्यास, फेऱ्या समान अंतराने असल्या तरी, सरासरी २८ तास थांबणे आले. ज्याचा बाप रुग्णालयात आहे, त्याला रात्रीची एसटीच अधिक वेगवान! हा प्रतीक्षाकाळ कोणत्याही वेळापत्रकात छापला जात नाही.

२०१६ साली 'उडान' योजना आली आणि २७ एप्रिल २०१७ रोजी पहिली उड्डाणे झाली. त्यांत नांदेड-हैदराबाद मार्गही होता. तासाभराच्या उड्डाणास २,५०० रुपयांची भाडेमर्यादा काही आसनांपुरती ठरली. उरलेली तूट सार्वजनिक निधीतून भरायची, त्यातील वीस टक्के बहुतेक राज्यांनी, शिवाय विमान-इंधनावरील मूल्यवर्धित कर एक टक्क्यावर आणायचा. एसटी मात्र वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर भरत आली आहे. इतके करून फलित काय? नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार पहिल्या तीन टप्प्यांतील ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची सवलतीची मुदत ११२ मार्गांनी पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांतले ५४ टिकले.

विमानसेवा मुळातच नको, असे माझे म्हणणे नाही. आक्षेप आहे तो हिशेबाच्या पद्धतीला. लाभ-व्यय विश्लेषणात वाचलेल्या तासाची किंमत बहुधा प्रवाशाच्या मिळकतीवरून ठरते. साहजिकच व्यापाऱ्याचा एक तास ऊसतोड मजुराच्या दिवसाहून महाग निघतो, आणि ज्याचा वेळ आधीच महाग त्याच्याच सोयीवर पैसा खर्च करणे 'कार्यक्षम' ठरते.

आपल्या कार्यकर्त्यांना येथे करण्याजोगे काम आहे. या तुटीपोटी राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी किती रक्कम गेली, आणि त्याच जिल्ह्यांत त्या वर्षी एसटीच्या किती फेऱ्या रद्द झाल्या, हे दोन्ही आकडे जिल्हा नियोजन समितीच्या एकाच बैठकीत, एकाच कागदावर मागावेत.