सायकलीला गिअर हवेत का?

नवी सायकल घ्यायची ठरली की दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती गिअरची?" बिनगिअरची सायकल म्हणजे जुनाट आणि २१ गिअरची म्हणजे उत्तम, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत गणिताच्या कसोटीला उतरते का, ते पाहू.

साध्या सायकलीच्या पेडलजवळच्या दातेरी चक्राला ४४ आणि मागच्या चक्राला १८ दाते आहेत असे धरा. पेडलचा एक फेरा झाला की मागचे चाक ४४ ÷ १८, म्हणजे सुमारे २.४ वेळा फिरते. २८ इंची चाकाचा परीघ साधारण सव्वादोन मीटर. म्हणून एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर होतो. अंधेरीहून बोरिवलीकडे जाणारा स्वामी विवेकानंद मार्ग किंवा घाटकोपर-मुलुंडचा लालबहादूर शास्त्री मार्ग बहुतांशी सपाट आहे. तेथील रहदारीत याहून अधिक वेग सुरक्षित नाही.

आता बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी लेण्यांकडे चढू लागा. २० मीटर अंतरात १ मीटर चढ असेल आणि तुमचे व सायकलीचे मिळून वजन ८० किलोग्रॅम असेल, तर केवळ चढासाठी पेडलवर सरासरी २० किलोग्रॅमचा भार द्यावा लागेल. त्याच सायकलीला पुढे २८ व मागे २८ दात्यांची जोडी असती, तर तो ८ किलोग्रॅमवर आला असता. मात्र एका फेऱ्यात साडेपाचऐवजी सव्वादोन मीटरच अंतर कापले गेले असते. गिअर नवी शक्ती निर्माण करीत नाहीत. बळ आणि अंतर यांची अदलाबदल करतात.

पुढे ३ आणि मागे ७ चक्रे, म्हणून गिअर २१. पण पुढचे ४८ व मागचे २४ दाते घ्या किंवा पुढचे २८ व मागचे १४ घ्या, गुणोत्तर २ च येते. अशा जोड्या आणि साखळी फार तिरकी करणाऱ्या जोड्या वगळल्या, की खरोखर उपयोगी गिअर बरेच कमी उरतात. शिवाय जादा तारा व स्प्रिंगा पावसाळ्यातील चिखलाने आणि खाऱ्या हवेने लवकर बिघडतात. १८९० पासून मुंबईची सेवा करणारे डबेवाले आजही सहसा बिनगिअरची सायकलच वापरतात, हे विसरू नका.

म्हणून गिअरना नावे ठेवणेही योग्य नव्हे. १९०३ मध्ये सुरू झालेल्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत साखळी सरकवणारे गिअर व्यावसायिक स्पर्धकांना १९३७ साली वापरू दिले गेले. तोवर चढ आला की खाली उतरून मागचे चाक उलटे बसवावे लागे! मुलुंड-घाटकोपरच्या टेकड्यांवर राहणाऱ्यांना, किंवा गुडघ्यांवर ताण नको असणाऱ्यांना, गिअरची सायकल जरूर घ्यावी.

माझे मत असे, की घर, शाळा आणि स्टेशन सपाटीवर असतील, तर घरच्यांचे जादा पैसे गिअरवर खर्च होऊ नयेत. चांगले ब्रेक, दिवा आणि हेल्मेट यांवर व्हावेत. आणि बिनगिअरची सायकल चालवणाऱ्या मित्राला कोणी कमी लेखू नये. शिक्षकांनी एखादा तास शाळेच्या सायकलतळावर घ्यावा. प्रत्येक सायकलीचे दाते मोजा, चाकाचा परीघ मोजा, आणि स्वतःच्या रोजच्या रस्त्याला कोणते गुणोत्तर पुरेसे आहे ते ठरवा.