उचलीच्या करारात सुटण्याची वाट हवी

दसरा झाला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या वाड्या-वस्त्या ऊसतोडीसाठी रिकाम्या होऊ लागतात आणि त्याच अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तरेला, पाटपाण्याच्या पट्ट्यात, कारखान्यांचे बॉयलर पेटतात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून जिल्ह्याच्या एका अंगाला ऊस वाढत गेला, दुसऱ्या अंगाला कोयता. या दोघांना बांधतो तो उचलीचा करार. हंगामाआधी मजूर पुरवणारा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, रोख उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि मुद्रांकावर सही किंवा अंगठा घेतो. कागद मुकादमाच्या पिशवीत जातो. मजुराच्या हाती बहुधा त्याची प्रतही नसते. कारखान्याच्या दप्तरात हा माणूस कामगार म्हणून नाहीच. कारखान्याचा व्यवहार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मजूर म्हणे स्वतःच्या मर्जीने अंगावर काम घेणारा स्वतंत्र माणूस. तो खरोखर स्वतंत्र असेल तर त्याच्या करारात काम सोडण्याची रीतही लिहिलेली हवी. किती दिवस आधी सांगायचे, तोवर झालेल्या तोडीचा हिशेब कसा करायचा, उरलेली बाकी कशी फेडायची, यातले काहीच त्या कागदावर नसते.

एक हिशेब मांडून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला साधारण ३६६ रुपयांवर गेला. समजा, एका कोयत्याने १ लाखाची उचल घेतली आणि रोज २ टन ऊस तोडला. दिवसाचे ७३२ रुपये होतात. उचल फिटायला १३७ दिवस लागतात, तेही एकही खाडा न पडता. २०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. १३७ दिवस म्हणजे थेट ३१ मार्च. प्रत्यक्षात त्या वर्षी बऱ्याच कारखान्यांचा पट्टा त्याआधीच पडला, म्हणजे गाळप थांबले. १५ मार्चला पट्टा पडला असे धरले, तर १२१ दिवसांत फिटतात ८८,५७२ रुपये आणि अंगावर सुमारे साडेअकरा हजारांची बाकी राहते. ताप आला, बाई बाळंत झाली, वजनकाटा बंद राहिला, गाडी वेळेत आली नाही, तरी नुकसान मजुराच्याच खात्यात. ऊस कमी पडला हा त्याचा दोष नाही. पण बाकी त्याच्याच नावावर चढते आणि पुढच्या हंगामाचा करार तिथेच होऊन जातो.

मधेच कोणी निघून गेले की वाद दिवाणी कोर्टात जात नाही. तो पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार म्हणून पोहोचतो, किंवा मजुरांच्या टोळीतल्या कोणाला अडकवून ठेवण्यापर्यंत जातो. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकणारा कायदा इंग्रजांनी १८५९ मध्ये केला होता आणि १९२५ मध्ये त्यांनीच तो मोडीत काढला. करार मोडणे म्हणजे आपोआप फसवणूक नव्हे, सुरुवातीपासूनच बुडवण्याचा हेतू दिसायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितले आहे. आणि उचलीपोटी माणसाचे दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य हिरावले जात असेल, तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने ते कर्जच रद्दबातल ठरते. शंभर वर्षांपूर्वी गाडलेली शिक्षा आपण रिवाज म्हणून चालू ठेवली आहे.

मुकादम आणि वाहतूकदारांची बाजूही खरी आहे. त्यांनी व्याजाने पैसे काढलेले असतात, ट्रॅक्टरचे हप्ते चालू असतात, आणि एकाच हंगामात दोघा-तिघांकडून उचल घेऊन गायब होणारी टोळी त्यांना कर्जात बुडवते. या तक्रारीला मी हलके लेखत नाही. पण त्यावर इलाज आहे तो नोंदीचा. उचल बँक खात्यात दिली आणि प्रत्येक कोयत्याची नोंद कारखान्याकडे व गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे झाली, तर दुहेरी उचल घेताक्षणी दिसेल. रोखीचा अंधार मुकादमालाही बुडवतो, मजुरालाही.

दुसरा आक्षेप उसाचा. तोडलेला ऊस थांबत नाही. वाळला की वजन घटते, साखरेचा उतारा पडतो, शेतकरी मार खातो. म्हणून कारखानदारीत चालते तशी महिन्याची नोटीस फडात चालणार नाही, हे मान्य. पंधरा दिवसांची चालेल. तेवढ्यात मुकादम दुसरा कोयता बघू शकतो. आजारपण आणि बाळंतपणाला मात्र ही अट नसावी. हीच मुदत उलट बाजूनेही हवी: पट्टा पडण्याआधी कारखान्याने पंधरा दिवस कळवावे आणि न कळवल्यास तेवढ्या दिवसांची सरासरी मजुरी उचलीतून वळती करावी. ठेकेदाराने मजुरी थकवली तर मूळ मालकाने ती द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने तेव्हाच मान्य केले होते. तेव्हा करारावर कारखान्याची तिसरी सही मागण्यात गैर काही नाही. वजनकाट्याची पावती आज गाडीवानाच्या खिशात जाते. तिच्यावर कोयत्याचा क्रमांक, टन आणि उरलेली उचल छापायला कारखान्याला नवे यंत्र घ्यावे लागणार नाही. येत्या दसऱ्याआधी जिल्ह्यातल्या एखाद्या सहकारी कारखान्याच्या संचालक मंडळाने एवढा ठराव केला, तरी पाथर्डीची जोडी मार्चमध्ये घरी परतताना आपली बाकी स्वतः वाचू शकेल.