लहान आतड्याचा आजार : चित्र हवे, पण निदानही हवे

महिनोन्‌महिने पोटात कळा येतात, वजन उतरते, मधूनमधून ताप येतो. आपल्या शेतकरी घरांत याला 'गॅस' किंवा 'जंत' म्हणतात आणि पेरणी-कापणी उरकेपर्यंत दुखणे अंगावर काढतात. हे बरे नव्हे. यामागे लहान आतड्याचा क्षय किंवा क्रोन्स नावाचा आजार असू शकतो.

लहान आतडे सुमारे 20 फूट लांब असते. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण त्याच्या आरंभापर्यंत जाते, खालून घातलेली शेवटच्या टोकापर्यंत. मधला भाग पाहण्यासाठी सी.टी. किंवा एम.आर.आय. करतात. सी.टी.त क्ष-किरण असतात, एम.आर.आय.त मोठे लोहचुंबक व रेडिओ लहरी. म्हणून ज्या मुलाला वा तरुणाला पुनःपुन्हा तपासणी लागणार, त्याच्यासाठी एम.आर.आय. बरा, असे आम्हांला वाटते. आतडे कोठे सुजले, कोठे अरुंद झाले, कोठे पू साठला, हे त्यात दिसते.

तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहावे लागते. मग पाऊण ते एक तासात लिटर-दीड लिटर औषधी पाणी प्यायचे असते. त्याने आतडे फुगते व चित्र स्पष्ट येते. नंतर थोडे जुलाब झाले तर घाबरू नये. पेसमेकर असेल, मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा अवजारांना धार लावताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर ते आधीच सांगावे.

परंतु केवळ चित्रावर विसंबू नये. क्षय आणि क्रोन्स चित्रात पुष्कळदा सारखेच दिसतात. उपचार मात्र निराळे. क्षयाला साधारण 6 महिने क्षयाचीच औषधे लागतात व ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. क्रोन्सला बहुधा स्टेरॉईड देतात, आणि क्षय असताना नुसते स्टेरॉईड दिले तर रोग बळावतो. म्हणून शक्य असेल तेथे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासावा. "तुकडा तपासला का?" असे डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला?

पोट एकाएकी फुगले, उलट्या थांबेनात, वारा सरेना, तर एम.आर.आय.च्या तारखेची वाट पाहू नये. त्याच घटकेला मोठ्या इस्पितळात जावे.

बैल चरेनासा झाला की आपण दुसऱ्या दिवशी गुरांचा डॉक्टर आणतो. घरच्या माणसासाठी तेवढी तरी घाई करावी.