पाळीच्या गोळ्यांवर थांबू नका, थायरॉईड आणि हृदयही तपासा

वस्तीत घरभेटीला गेलो की एखादी आई मुलीला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवते आणि हळूच विचारते, "सिस्टर, पोरगी सोळाची झाली, अजून पाळी नाही. उंचीही वाढेना. हिचं लग्न कसं होणार?" हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकला. "हिचं हृदय तपासायचं का?" असं मात्र कुणी विचारत नाही. आमचं म्हणणं नेमकं त्याबद्दलच आहे.

अशा काही मुलींना टर्नर सिंड्रोम असतो. मुलीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात. या मुलींत त्यातलं एक नसतं किंवा अर्धवट असतं. साधारण २००० ते २५०० मुलींमागे एकीला हे होतं. हे गर्भ राहतानाच घडतं. यात आईचा दोष नाही, ग्रहणाचा नाही, करणीचा तर नाहीच. तेव्हा गंडेदोऱ्यावर पैसा घालवू नका. गुणसूत्रांच्या रक्ततपासणीने, म्हणजे कॅरिओटाइपने, निदान होतं.

निदान झालं की घरचे मूल होण्या-न होण्यावर अडकतात आणि फाईल कपाटात जाते. खरी काळजी तिथून पुढे घ्यायची असते.

या मुलींत थायरॉईड मंदावण्याचं प्रमाण जास्त असतं आणि वयाबरोबर ते वाढतं. शरीराची संरक्षण यंत्रणाच थायरॉईडच्या ग्रंथीवर उलटते. मग थकवा येतो, थंडी वाजते, वजन वाढतं, पोट साफ होत नाही, केस गळतात. घरात मात्र तिला 'आळशी' म्हणतात. टीएसएच ही साधी रक्ततपासणी दरवर्षी करावी. गोळी सुरू झाली तर ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नये, चार तासांचं अंतर ठेवावं.

हृदयाचा धोका सगळ्यात मोठा. काहींच्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पडदे असतात, काहींची महाधमनी अरुंद असते. पुढे ती फुगू शकते, क्वचित फाटतेही. म्हणून टूडी इको एकदा चांगला आला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करावा, बीपी सांभाळावं. छातीत किंवा पाठीत अचानक जबर कळ आली तर लगेच मोठं हॉस्पिटल गाठावं आणि 'हिला टर्नर आहे' हे आधी सांगावं. गरोदरपणाचा विचारही हृदयाच्या तपासणीनंतरच करावा.

मूत्रपिंडासाठी सोनोग्राफी, दरवर्षी साखर आणि लिव्हरची तपासणी, अधूनमधून कानांची तपासणी हेही लागतं. "लग्नच व्हायचं नाही, तर पाळीच्या गोळ्या कशाला?" म्हणून हार्मोनच्या गोळ्या बंद केलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. बायांनो, त्या गोळ्या हाडांसाठीही आहेत. त्या सोडल्या तर हाडं कमी वयात ठिसूळ होतात.

निदान लवकर झालं तर उंचीसाठीही उपचार करता येतात. जन्मतः हातापायांवर सूज, रुंद मान, वर्गातल्या सगळ्यांपेक्षा फारच कमी उंची, ही खूण समजा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येतं, तेव्हा मुलीच्या उंचीचा आकडा मागून घ्या.

पण हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच आहे आणि साखर-बीपीची सरकारी तपासणी मोहीम तिशीपासून पुढच्यांसाठी आहे. मधली बारा वर्षं या मुलींनी कुठं जायचं? बालरोग विभाग म्हणतो मोठी झाली, स्त्रीरोग विभाग फक्त पाळीचं बघतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी महिन्यातला एक दिवस ठरवून हृदय, थायरॉईड, कान, हाडं एकाच ठिकाणी तपासावीत. गुणसूत्रांची तपासणी मोफत व्हावी. रोजंदारी बुडवून पाच विभागांच्या रांगा लावणं आपल्या बायांना परवडत नाही. ही मागणी महिला मंडळांनी लेखी द्यावी, आम्ही सोबत येऊ.

तोवर एक वही करा. टीएसएच, बीपी, साखर, इको, सगळं तारखेसह लिहा. पोरीला शिकवा. तिची बुद्धी सहसा इतरांसारखीच असते, गणिताला थोडा जास्त वेळ द्यावा लागेल इतकंच. आणि ती वही तिच्याच हातात द्या, कारण तब्येत तिची आहे.