चाल शब्दांच्या मागून येते

अमेरिकेचा जॉनी ऑल्सन खॅन वाजवतो आणि लाओ भाषेत गातो. खॅन हे बांबूच्या नळ्यांचं वाद्य. प्रचलित खॅनला 16 नळ्या, प्रत्येकीत धातूची बारीक पत्ती. फुंकलं तरी वाजतं, श्वास आत ओढला तरी वाजतं. त्यामुळे सूर तुटत नाही. 2017 साली युनेस्कोने लाओ लोकांच्या खॅनसंगीताला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

पण खरी कसोटी गळ्याची. लाओमध्ये तोच उच्चार चढवला वा उतरवला की अर्थ पालटतो, आणि ‘लाम’ या पारंपरिक गायनात चाल शब्दांच्या या चढउतारांवरच उभी राहते. अर्थ न कळता घोकलेलं गाणं इथे फार काळ तग धरत नाही. म्हणूनच परदेशी माणूस लाओ गातो म्हणून केवळ नवलाने टाळ्या वाजवणं मला अपुरं वाटतं. त्यात त्याची मेहनत झाकली जाते. लाओ बोलणारे लाओसपेक्षा थायलंडच्या ईसान भागात अधिक आहेत, आणि तिथल्या शाळांची भाषा थाई. घराबाहेर मान कमी मिळालेली ही बोली कुणी परका मंचावर मन लावून गातो, याचं मोल मोठं आहे. त्याचं खॅन ऐकाच, पण उच्चारांकडे अधिक कान द्या.