मीम, लाम, काफ

'देवनागरीत दीन लिहू नका, अर्थाचा अनर्थ होतो,' असे आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना आपलीच मंडळी ऐकवतात. दाखला ठरलेला: कल्ब. बड्या काफने लिहिला तर हृदय, छोट्या काफने लिहिला तर कुत्रा. मराठीत दोन्ही सारखेच. दाखला खरा आहे. निष्कर्ष मात्र आम्हाला मान्य नाही. रत्नागिरीत मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या कित्येक मुलींना उर्दू वाचता येत नाही. मराठीत लिहायचे नाही, तर त्यांनी वाचायचे काय?

आणि अरबी लिपीत तरी असे होत नाही का? मीम, लाम, काफ ही तीन अक्षरे जेर-जबर-पेश न देता लिहा. मलिक वाचा, राजा. मुल्क वाचा, राज्य. मिल्क वाचा, मालकीची वस्तू. मलक वाचा, फरिश्ता! पहिले तिन्ही सत्तेच्या, मालकीच्या एकाच धातूतले. मलक मात्र, बहुतेक कोशकारांच्या मते, निरोप पोचवण्याच्या निराळ्या धातूतून आला आणि मधला हम्जा गळाल्याने या तिघांच्या रांगेत बसला. अरब वाचक संदर्भाने ओळखतो. अडचण झाली तेव्हा लिपी टाकली नाही. आठव्या शतकात खलील इब्न अहमद यांनी आजच्या जेर-जबरची पद्धत बसवली. देवनागरीतही नुक्ता आहे. क़ल्ब लिहा, काम भागले.

उच्चाराचे म्हणाल, तर ऐनचा अलीम म्हणजे सर्वज्ञ आणि अलिफचा अलीम म्हणजे वेदनादायक. आपली उर्दू जीभ दोन्ही एकाच सुरात म्हणते. जाल, जे, ज्वाद, जोय हे चार 'ज' वर्गात पाठ करून घ्यावे लागतात, कानाला त्यांतला फरक कळतच नाही. मग बदनाम एकटी मराठी का?

शुद्धतेचा हट्ट पलीकडेही होताच. याच रत्नागिरीत 1924 ते 1937 या काळात स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. तारखेशेजारी दिनांक आला, रुजलाही. पण इथला बागायतदार आजही हापूसचे कलमच बांधतो आणि वकील कायद्याचे कलमच काढतो. दोन्ही आपल्या लेखणीचेच कलम. अरबीनेही तो शब्द ग्रीकांच्या बोरूवरून उचललेला! ज्यांना तो 'आपला' म्हणून मराठीपासून जपायचा आहे, त्यांनी आधी एखाद्या कलमांच्या रोपवाटिकेत जाऊन तो परत मागून पाहावा.