टॅरोचे पत्ते उलगडताना हात का थरथरतो?

दुपारची कामे उरकली, मुले शाळेत, घरधनी कंपनीत. अशा वेळी काहीतरी नवे शिकावे, असे बंगळुरूत येऊन स्थायिक झालेल्या अनेक मराठी गृहिणींना वाटते. कुणी कन्नड शिकते, कुणी केक करायला शिकते, तर कुणी टॅरोचे पत्ते हाती घेते. पुस्तकावरून अर्थ पाठ होतात. पण भिशीच्या दिवशी एखादी मैत्रीण म्हणते, ‘‘माझे पत्ते बघ ना गं!’’ आणि सारे पाठांतर क्षणात पुसले जाते. मग आत्मविश्वास आणायचा तरी कुठून?

आधी या पत्त्यांचे दडपण मनातून काढून टाका. त्यांना कोणतीही गूढ शक्ती चिकटलेली नाही. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते जन्मले ते चक्क खेळण्यासाठी. आपली सावंतवाडीची दशावतारी गंजिफा किंवा इकडची म्हैसूरची गंजिफा जशी खेळायची, तसेच हेही चित्रांचे पत्ते. त्यांवरून भविष्य सांगण्याची टूम अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पसरली. आज सर्वत्र दिसणारा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. ए. ई. वेट यांच्या योजनेनुसार पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने तो रंगवला. तिने साध्या अंकांच्या पत्त्यांवरही माणसे आणि प्रसंग चितारले. म्हणूनच नवशिकीने पुस्तकाआधी चित्राकडे पाहावे.

रोज सकाळी एकच पत्ता काढा. त्यात कोण आहे, काय करते आहे, नजर कुठे आहे, हे तीन वाक्यांत मोठ्याने सांगा. मग पुस्तकातला अर्थ पाहा आणि वहीत दोन ओळी लिहा. झालेला पत्ता बाजूला ठेवत गेलात, तर ११-१२ आठवड्यांत ७८ पत्त्यांचा सारा कॅट ओळखीचा होतो.

आता खरी परीक्षा. समजा, शेजारच्या वहिनी विचारतात, ‘‘यांची नोकरी गेली हो. पुढं कसं होणार?’’ आणि निघते पेल्यांची पंजी. काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून उभा आहे. पुढ्यात तीन पेले सांडलेले, पाठीमागे दोन उभे. ‘‘दोन महिन्यांत नोकरी मिळेल,’’ असे ठोकून देणे सोपे आहे. पण त्या भरवशावर वहिनींनी घराच्या कर्जाचे गणित मांडले तर? त्याऐवजी चित्र त्यांच्यापुढे ठेवा. म्हणा, ‘‘वहिनी, सांडलेलं तर दिसतंच आहे. तुमचे न सांडलेले दोन पेले कोणते?’’ कदाचित त्यांना माहेरचा आधार आठवेल, कदाचित अर्धवट सोडलेले शिवणकाम. उत्तर पत्त्याने दिलेले नसते, त्यांचे त्यांनीच शोधलेले असते. तुम्ही फक्त नीट विचारायचे आणि नीट ऐकायचे.

‘अगदी बरोबर सांगितलंत!’ या शाबासकीने मात्र हुरळून जाऊ नका. बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना ‘खास तुमचे’ म्हणून स्वभाववर्णन दिले. मुलांनी त्याला पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले. प्रत्यक्षात मजकूर सर्वांना एकच होता आणि बराचसा ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला!

कुंडलीचीही अशीच कसोटी झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या. हुशार मुलाची कोणती आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाची कोणती, एवढेच ओळखायचे होते. बरोबर उत्तरे निघाली सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले तरी निम्मी जुळतात. हा निबंध २००९ साली बंगळुरूच्याच ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पत्त्यांकडून तरी भविष्याची हमी कशी मिळावी?

तेव्हा काही पथ्ये पाळा. कुणाचे पत्ते भिशीच्या घोळक्यात उलगडू नका, दोघींनीच बसा. घोड्यावरच्या सांगाड्याचा ‘मृत्यू’ निघाला तर समोरचीला घाबरवू नका. त्याच चित्रात मागे दोन मनोऱ्यांमधला सूर्यही आहे, तो दाखवा. आजारपण, गर्भारपण, कोर्टकचेरी, नवऱ्यावरचा संशय यांसाठी पत्ते काढूच नका. उपाय-तोडग्यांचे पैसे घेण्याचा तर विचारही नको.

‘‘हे मला ठाऊक नाही, डॉक्टरांना विचारा,’’ हे वाक्य न अडखळता म्हणता येऊ लागले, की समजा, तुमचा हात स्थिरावला.